ओवरीतून मंडपात

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की पहिली चौकशी पाण्याची होते. कोयनेतनं किती सोडलंय, आयर्विन पुलाला किती फूट झालं, हे विचारल्याशिवाय चहा पुढं सरकत नाही. २०१९च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतर तर ही चौकशी घराघरात मुरली आहे. पाणी येतं ते वरून, कऱ्हाडकडून. तिथं कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन मिळतात आणि मग आमच्याकडं वळतात. त्याच कऱ्हाडच्या नैऋत्येला, जखिणवाडीच्या डोक्यावर आगाशिवाचा डोंगर आहे. त्याच्या काळ्या कातळात सातवाहनकाळातली साठाहून अधिक बौद्ध लेणी आहेत.

पावसाचं आणि या लेण्यांचं नातं जुनं आहे. भिक्खूनं सतत फिरत राहावं, हा मूळ शिरस्ता. पण पावसाळ्यात यांच्या पायांखाली कोवळी रोपं तुडवली जातात, किडामुंगी मरते, अशी लोकांनी तक्रार केली आणि बुद्धांनी तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घालून दिला, असं विनयपिटक सांगतं. हाच वर्षावास. आषाढी पौर्णिमेनंतर तो सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेला पुरा होतो. एकट्यानं फिरणाऱ्या माणसांना पावसानं असं एका छपराखाली आणलं, आणि एक नवाच प्रश्न त्यांच्यापुढं उभा राहिला. ज्यांनी घर सोडलं त्यांनी आता एकत्र राहायचं कसं? आणि एकत्र राहून आपापलं ध्यान सांभाळायचं कसं? आगाशिवाचा डोंगर मला या प्रश्नाचं छिन्नीनं लिहिलेलं उत्तर वाटतो. ते उत्तर सावकाश, अक्षर लावत वाचण्यासारखं आहे.

श्रावणी सोमवारी वर आगाशिव महादेवाला गर्दी असते, म्हणून आम्ही दोघी मुद्दाम आडवारी गेलो होतो. लेणी बघायला गेलेला माणूस आधी शिल्प शोधतो. अजिंठा-वेरूळ पाहिलेल्या डोळ्यांना इथं ओकंओकं वाटतं. चित्रं नाहीत, यक्षांच्या रांगा नाहीत, मूळ कोरीवकामात बुद्धमूर्तीसुद्धा नाही. "काहीच नाही गं इथं," मैत्रीण म्हणाली. तासाभरानं तीच एका खोलीच्या तोंडाशी गप्प बसून होती. मी हाक मारली तर तिनं नुसता हात वर केला, थांब म्हणून. या लेण्यांचा रस असाच लागतो. बघायला काही नाही हे एकदा मनानं मान्य केलं की मग दिसायला लागतं.

आधी शब्द बघू. आपण ज्याला लेणं म्हणतो तो शब्द या डोंगरातच कोरलेला आहे. गोपालाचा मुलगा संघमित्र यानं लेणं दान दिल्याचा एक लेख इथं आहे. त्यातले दोन शब्द 'लेण' आणि 'देयधम'. पालीत लेण म्हणजे आसरा, आडोसा. देयधम म्हणजे धम्मबुद्धीनं दिलेलं दान. नाशिकच्या लेण्यांतले लेख भिक्खूच्या खोलीला 'ओवरक' म्हणतात. तीच आपली ओवरी, देवळाच्या आवारात यात्रेकरू जिथं पथारी टाकतो ती. पाण्याच्या टाक्याला लेखांत 'पोढी' म्हटलंय. कान्हेरीला बसायच्या दगडी बाकाला 'आसनपेढिका' असा शब्द आहे, आणि सांगलीच्या हळदपेठेत व्यापारी आजही पेढीवरच बसतो. दोन हजार वर्षांपूर्वी साधनेसाठी वापरलेले हे शब्द आपल्या तोंडात अजून घरगुती होऊन राहिलेत. म्हणून ही लेणी परक्या धर्माचं अवघड पुस्तक वाटत नाहीत. पणजीच्या हातची, मोडीतली चिठ्ठी वाचावी तसं होतं. अक्षर चटकन लागत नाही, पण भाषा घरचीच.

आता ओवरीत जाऊ. वाकून आत शिरावं लागतं. आत जेमतेम सात-आठ फुटांचा चौक, खिडकी नाही, उजेड येतो तो दारातूनच. एका बाजूला कातळाचाच ओटा, माणूस पाय पसरून निजेल एवढा. ओट्यावर हात फिरवताना ध्यानात आलं की हा ओटा कोणी आणून ठेवलेला नाही, आणि खरं तर कोरलेलाही नाही. आजूबाजूचा दगड काढला आणि एवढा राखला. घर बांधणारा गवंडी वीट आणतो, चुना लावतो, भर घालत जातो. लेणं कोरणारा नुसतं काढत जातो. काय काढायचं यापेक्षा काय राखायचं याचं भान त्याला पहिल्या घावापासून ठेवावं लागतं, कारण चुकून काढलेला कातळ परत लावता येत नाही. त्या कारागिरानं ओवरी पोखरताना निजणाऱ्या माणसाच्या अंगाएवढा दगड मनात धरला होता आणि त्याला शेवटपर्यंत धक्का लावला नाही.

ध्यानाची रीतही अशीच काढत जाण्याची आहे. आनापानसतीत बसणाऱ्याला नवं काही मिळवायचं नसतं. येणारा श्वास, जाणारा श्वास, एवढंच राखायचं आणि बाकीचं आपोआप निघू द्यायचं. मी स्वतः एकदा दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात बसले आहे. पहाटे चारला घंटा, दिवसभर आर्य मौन, पहिले तीन दिवस फक्त नाकपुड्यांपाशी लक्ष. पहिल्या दिवशी माझं मन बँकेत जाऊन आलं, माहेरी जाऊन आलं, वीस वर्षांपूर्वीच्या एका भांडणात जाऊन त्याचा निकालही लावून आलं. दुसऱ्या दिवशी कंटाळा, तिसऱ्या दिवशी राग. आणि त्या रागाच्या तळाशी कुठंतरी एक श्वास असा आला की तो पुरता दिसला, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. बस, एवढंच. पण त्या एका श्वासाला मी आजतागायत विसरले नाही. आगाशिवाच्या ओवरीत दगडाला पाठ टेकून बसले तेव्हा तोच आठवला. जाड कातळ बाहेरचा आवाज गिळून टाकतो आणि आपला श्वास आपल्यालाच मोठ्यानं ऐकू येतो. विपश्यना केंद्रांतल्या पॅगोडात एकेका साधकासाठी छोट्या कोठड्या असतात, त्यांना शून्यागार म्हणतात. ती कल्पना कुठून आली, हे इथं बसल्यावर विचारावं लागत नाही.

इथवर ही लेणी एकांताचं गाणं गातात. पण रसिकानं थांबू नये ते इथंच. ओवरीतून उठावं आणि तिचं दार कुठं उघडतं ते बघावं.

डोंगरात सुट्या ओवऱ्याही आहेत, थेट दरीकडं तोंड करून बसलेल्या. पण विहाराची ठरलेली मांडणी वेगळी आहे. मध्ये मंडप आणि त्याच्या भिंतींत ओवऱ्या. ओवरीचं दार उघडतं मंडपात, आणि मंडपाचं दार उघडतं आभाळाकडं. म्हणजे एकांतात बसलेल्या भिक्खूला उजेडात जायचं तर सगळ्यांच्या मधून जावं लागतं. प्रत्येकाच्या ओवरीला स्वतंत्र बाहेरचं दार ठेवणं कारागिराला जड नव्हतं, दर्शनी कातळ हवा तेवढा होता. तरी त्यानं दारं एकमेकांकडं वळवली. या एका निर्णयात मला सगळा संघ दिसतो. तुझ्या आत तू एकटा जा, तिथं कोणी येणार नाही. पण बाहेर येशील तो आमच्यातून येशील.

यावरून मज्झिमनिकायातलं एक चित्र आठवतं. अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल असे तीन भिक्खू एका वनात राहत होते. बुद्ध भेटायला गेले आणि त्यांनी विचारलं की तुम्ही गुण्यागोविंदानं राहता ते कसं? उत्तरात मोठं तत्त्वज्ञान आधी येत नाही. आधी येतं घरकाम. भिक्षेहून जो पहिला परततो तो आसनं मांडतो, पिण्याचं आणि पाय धुण्याचं पाणी भरून ठेवतो. जो शेवटी येतो तो आवरतो आणि झाडून काढतो. पाण्याची घागर रिकामी झालेली ज्याला दिसेल तो ती भरतो. एकट्याला उचलत नसेल तर हाताच्या खुणेनं दुसऱ्याला बोलावतो आणि दोघं मिळून ती आणतात. तेवढ्यासाठी मौन मोडत नाहीत. आणि दर पाचव्या दिवशी तिघं रात्रभर एकत्र बसून धम्मावर बोलतात.

आता याच्याशेजारी विनयपिटकातली दुसरी कथा ठेवून बघा. कोसल देशात काही भिक्खूंनी वर्षावासात भांडणं होऊ नयेत म्हणून ठरवलं की एकमेकांशी बोलायचंच नाही. व्यवस्था अगदी तशीच. पहिला येणारा आसनं मांडतो, शेवटचा झाडतो, रिकामी घागर दिसेल तो भरतो, जड असेल तर हातानं खूण करतो. तीन महिने झाल्यावर ते श्रावस्तीला आले आणि कौतुकाच्या अपेक्षेनं त्यांनी हे सांगितलं. बुद्धांनी त्यांना फटकारलं. गुरंढोरं एका दावणीला राहतात तसे तुम्ही राहिलात, असा त्या बोलण्याचा रोख होता. मुक्याचं व्रत घ्यायचं नाही, असा नियम झाला आणि त्याच्या जागी प्रवारणा आली. वर्षावासाच्या शेवटी प्रत्येकानं संघापुढं बसून विनवायचं की माझ्या हातून काही चुकलेलं तुम्ही पाहिलं असेल, ऐकलं असेल, तसा संशयही आला असेल, तर मला सांगा.

घागर तीच, खूण तीच, झाडू तोच. एका ठिकाणी शाबासकी, दुसऱ्या ठिकाणी फटकार. फरक फक्त त्या पाचव्या रात्रीचा. अनुरुद्धांचं मौन बोलण्याच्या वाटेवरचं होतं, मनात साठलेलं धम्माच्या चर्चेत आणून ठेवायला ते तयार होतं. कोसलच्या भिक्खूंचं मौन भांडण टाळण्यासाठी उभारलेली भिंत होती. आपल्या घरांतही ही दोन मौनं नांदतात. दोन भाऊ बांधावरून वर्षानुवर्षं बोलत नाहीत, लोक म्हणतात त्यांच्यात भांडण नाही. विहाराचा मंडप त्या पाचव्या रात्रीसाठी आहे. ओवरी मौनाची, मंडप बोलण्याचा, आणि दोहोंमध्ये एक उंबरा.

मंडपातून बाहेर आलं की पोढी. अशा डोंगरांत कातळ खोदून पाण्याची टाकी करत, पावसाचं पाणी त्यांत साठे आणि उन्हाळ्यापर्यंत पुरे. पोढीचं तोंड लहान, पोट मोठं. ती कोणा एकाच्या ओवरीत नसते, उघड्यावर असते, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांच्या नजरेत. कमी झालेलं पाणी कोणा एकालाच दिसावं अशी सोयच ठेवलेली नाही. इथं मला या मांडणीचं मर्म सापडतं. सती म्हणजे लक्ष, जागं भान. ओवरीत ज्या लक्षानं श्वास पाहिला, तेच लक्ष बाहेर येऊन रिकामी घागर पाहतं. दोन वेगळी लक्षं माणसाजवळ नसतात. ज्याला पहाटे आपला श्वास बारकाईनं दिसला आणि दुपारी शेजाऱ्याची घागर दिसली नाही, त्याचं बसणं अजून पुरं व्हायचं आहे. ओवरी, मंडप आणि पोढी यांत काही पावलांचंच अंतर आहे, आणि ती पावलं चालून जाणं हाही साधनेचाच भाग.

चैत्यगृहाकडं शेवटी यावं. पाचव्या लेण्याचा मागचा भाग अर्धगोल, छत कमानीसारखं वळलेलं. कार्ल्याच्या चैत्यासारख्या दोन्ही कडांच्या खांबांच्या रांगा इथं नाहीत, त्यामुळं नजर कुठंही न अडखळता थेट स्तूपावर जाते. दर्शनी भागातल्या दोन अर्धस्तंभांवर एकीकडं चक्र आहे, दुसरीकडं सिंह. चक्र म्हणजे सारनाथला फिरवलेलं धम्मचक्र, पहिलं प्रवचन. सिंह म्हणजे सिंहनाद, निर्भयपणे केलेला उपदेश. दोन्ही खुणा बोलण्याच्या आहेत आणि आत ज्याच्याभोवती फिरायचं तो स्तूप मात्र नि:शब्द. ओवरी आणि मंडपाचं जे नातं तेच इथं वेगळ्या लयीत पुन्हा येतं. आणि स्तूप गोल असल्यामुळं त्याच्याभोवती फिरणारा प्रत्येक जण मध्यापासून सारख्याच अंतरावर. पुढं-मागं आहे, पण वर-खाली नाही. अलंकार न करता एवढं सांगून जाणं, हे या कोरीवकामाचं मोठेपण आहे.

पण हा डोंगर नुसत्या भिक्खूंचा नाही. कोकणातून कुंभार्ली घाट चढून आलेला माल कऱ्हाडला येई, आणि त्या पेठेतल्या माणसांची दानं लांबवर पोचली. मध्य प्रदेशातल्या भारहुतच्या स्तूपाच्या कठड्यावर करहाकट नगराच्या दानाचा लेख आहे, आणि ते नगर म्हणजे आपलं कऱ्हाड असं अभ्यासक मानतात. कोकणातल्या कुडे लेण्यांत कऱ्हाडच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्यानं दान दिल्याची नोंद आहे. मला ती नोंद फार आवडते. लेणं कोरायचं ते लोखंडाच्या छिन्नीनं. ज्याचं दुकान लोखंडाचं, त्यानं लोखंडाच्या धंद्यातला पैसा एखाद्या अनोळखी माणसाच्या शांत बसण्यासाठी दिला. विपश्यनेची शिबिरं आजही याच रीतीनं चालतात. फी नसते. आधी बसून गेलेल्यांच्या दानातून पुढच्यांची भाकरी होते, स्वयंपाकघरात धम्मसेवक राबतात आणि दहाव्या दिवशी मौन सुटताना मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतण्याची रीत, शिकवली जाते. मला जेवू घालणाऱ्या त्या बाईंशी मी नऊ दिवस एक शब्द बोलले नव्हते. दहाव्या दिवशी त्यांना काय बोलावं ते सुचेना, मी ताट घासायला त्यांच्याशेजारी जाऊन बसले.

याच मातीत शाळेला गेलेल्या एका मुलानं पुढं हाच प्रश्न धारेवर धरला. भीमराव आंबेडकरांनी ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत नाव घातलं. लहानपणी याच जिल्ह्यातल्या मसूर स्टेशनवर उतरून पुढं जाताना तहानेनं झालेले हाल त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहेत. सोबतीला डबा होता, पण अस्पृश्य म्हणून पाणी कोणी देईना. १९५६मध्ये त्यांनी नागपूरला दीक्षा घेतली, आणि त्यांच्या निधनानंतर १९५७ साली 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत ते विचारतात की बुद्धानं भिक्खू निर्माण केला तो कशासाठी? स्वतःपुरता परिपूर्ण माणूस म्हणून, की लोकांचा सेवक म्हणून? रिकाम्या घागरीचं मोल ज्याला लहानपणी तहानेनं कळलं, त्यानंच हा प्रश्न इतक्या आग्रहानं विचारावा, यात मला नवल वाटत नाही. आगाशिवाच्या पोढीजवळ उभं राहिलं की तो प्रश्न तिथल्या कातळाला विचारल्यासारखा वाटतो.

त्या प्रश्नाचं उत्तर मला लेण्यात जेवढं सापडलं, त्याहून ठळक एका विहारात दिसलं. आमच्याकडं गावोगावच्या विहारांत वर्षावासाचे तीन महिने संध्याकाळी याच ग्रंथाचं वाचन चालतं. गेल्या वर्षी मिरज तालुक्यातल्या एका गावात मी वाचनाला बसले होते. पत्र्याचं छप्पर, वर पावसाची एकसारखी थाप, खाली सतरंजीवर पंधरा-वीस बाया, कडेला चार म्हातारे आणि पेंगुळलेली पोरं. त्रिशरण-पंचशील झालं, पाच मिनिटं सगळे डोळे मिटून बसले. मग कॉलेजातली एक मुलगी वाचू लागली. भांगलणीहून आलेल्या बायांच्या पायांचा चिखल अजून ओला होता. एवढं दमून ही माणसं ऐकणार कसं, असं माझ्या मनात येऊन गेलं.

मध्येच एक पोरगं उठून कोपऱ्यातल्या पाण्याच्या हंड्याकडं गेलं आणि रिकामा तांब्या घेऊन परत आलं. पुढच्या ओळीत एक आक्का डोळे मिटून बसल्या होत्या. मला वाटलं, डोळा लागला असेल. त्यांनी डोळे उघडले, हंड्याकडं पाहिलं आणि उठल्या. हंडा मोठा. त्यांनी दोन ओळी मागं बसलेल्या सुनेला हातानं खूण केली. दोघी बाहेर गेल्या, पावसातच नळावर हंडा भरला, दोन बाजूंनी धरून आत आणला आणि आवाज न करता तिवईवर ठेवला. वाचन थांबलं नाही. आक्का जागेवर येऊन बसल्या, पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा डोळे मिटले.

वाचन संपल्यावर त्या मुलीनं विचारलं, "कुणाला काही विचारायचंय का?" तेव्हा पहिला प्रश्न आक्कांनीच विचारला, आणि त्यावर रात्री साडेदहापर्यंत बोलणं चाललं.

निघताना मी त्या हंड्यातलं पाणी प्यायले.